विकत मिळणारी फिरकी

इंग्लंडमधल्या बाथ या गावी १८२०च्या दशकात बार्टली नावाच्या गृहस्थांचे एक बिलियर्डघर होते. तिथे जॅक कार हा मार्कर होता. मार्कर म्हणजे गुण मोजणारा, क्यू पुसून जागेवर ठेवणारा, जोडीदार नसलेल्या गिऱ्हाइकाबरोबर चार डाव खेळणारा आणि गिऱ्हाईकच नसेल तेव्हा टेबलाशी एकटा झटत बसणारा नोकर. या कारच्या हातून सुटलेला चेंडू कुशनला लागला की भलत्याच कोनात परतायचा. बघणाऱ्यांना ती जादूच वाटे. विचारले, की कार सांगे, करामत माझी नाही, क्यूच्या टोकाला लावायच्या भुकटीची आहे. ती भुकटी लहान लहान डब्यांतून तो अर्ध्या क्राउनला एक या भावाने विकत असे. घेणाऱ्यांची रीघ लागली. डबीत साधा खडू होता. इंग्लिश बिलियर्डच्या जुन्या पुस्तकांतून ही कथा थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा भेटते. बाजूची फिरकी मुळात मालक बार्टली यांच्या लक्षात आली होती आणि कारने ती त्यांच्याकडून उचलली, असेही त्यात सांगितलेले असते.

गंमत अशी की कार पूर्ण खोटे बोलत नव्हता. खडूशिवाय फिरकी देताच येत नाही. फक्त खडू विकत घेतला म्हणजे फिरकी विकत घेतली असे होत नाही, एवढे तो सांगत नव्हता. दोनशे वर्षांनी हाच व्यवहार मोबाइलच्या पडद्यावर चालतो आणि तिथे मात्र फिरकी खरोखरच विकत मिळते. स्नूकरच्या ऑनलाइन खेळांत फटक्याचा जोर आणि चेंडूची फिरकी कितपत खरी असते, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या डोक्यात घोळतो आहे. मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले आणि तरुणपणी जिमखान्यात बरेच तास स्नूकर खेळलो. त्यामुळे या प्रश्नाकडे मला दोन्ही बाजूंनी पाहावेसे वाटते. त्यासाठी आधी हा जोर आणि ही फिरकी टेबलावर कशी आली ते पाहिले पाहिजे.

कारच्या आधी थोडी वर्षे फ्रान्समध्ये फ्रान्स्वा मिंगो या लष्करी कप्तानाने क्यूच्या टोकाला चामड्याची टिकली बसवली. राजकीय कैदी म्हणून पॅरिसच्या तुरुंगात असताना तिथल्या टेबलावर त्याने हे प्रयोग केले, असे सांगतात. सुटकेची वेळ आली तेव्हा अभ्यास पुरा व्हावा म्हणून त्याने मुक्काम वाढवून मागितला, अशीही आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, १८२७मध्ये त्याने आपल्या फटक्यांचे सचित्र पुस्तक काढले आणि १८३०मध्ये लंडनचे टेबल बनवणारे जॉन थर्स्टन यांनी ते इंग्लिशमध्ये आणले, हे पक्के आहे. चामड्याआधी क्यूचे टोक नुसते लाकडी असे. लाकूड चेंडूवर मध्यभागाच्या जरा बाजूला टेकले की घसरते. मग चेंडू मध्यावर मारणे एवढेच हाती उरते. चामड्याने पकड दिली, खडूने ती वाढवली. त्याच काळात थर्स्टन यांनी टेबलाला पाटीच्या दगडाचा तळ आणि पुढे रबराचे कुशन आणले. स्नूकरचे आजचे टेबल जवळपास तिथेच तयार झाले.

खडूचा पुढचा अध्याय अमेरिकेतला आहे. विल्यम स्पिंक्स हा तिथला नावाजलेला खेळाडू. त्याने विल्यम हॉस्किन्स या रसायनतज्ज्ञाच्या मदतीने १८९७मध्ये एका नव्या मिश्रणाचे पेटंट घेतले. त्यात वाळूसारखे सिलिका आणि कुरुंदाच्या जातीचे खरखरीत कण होते. आज आपण ज्याला खडू म्हणतो, त्या निळ्या-हिरव्या ठोकळ्यात फळ्यावरचा खडू जवळजवळ नसतोच. त्यात असते ती घासणारी पूड.

ही पूड जेवढी पकड देते तेवढीच फिरकी. या वाक्यातच सगळ्या गणिताची किल्ली आहे. चांगला खडू लावलेले टोक चेंडूच्या मध्यापासून त्रिज्येच्या साधारण निम्म्या अंतरापर्यंत टिकते. त्यापलीकडे मारले की ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो, क्यू निसटतो आणि चेंडू तिसरीकडेच जातो. स्नूकरचा चेंडू ५२.५ मिलिमीटर व्यासाचा. म्हणजे जगातल्या कोणत्याही खेळाडूला फिरकीसाठी मिळणारी जागा ही जेमतेम १३ मिलिमीटर त्रिज्येचे एक वर्तुळ आहे. जगज्जेत्याचे वर्तुळ आपल्या वर्तुळापेक्षा मोठे नसते. तो त्या वर्तुळाच्या कडेवर बिनचूक पोचतो आणि पोचल्यावर त्याचा हात डळमळत नाही, एवढाच फरक.

या सगळ्याचे पहिले भरभक्कम गणित १८३५मध्ये छापले गेले. लेखक गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारे वळतात, त्या संदर्भात आपण शाळेत त्यांचे नाव ऐकतो. पॅरिसच्या पॉलिटेक्निकमध्ये ते शिकवत. बलाने केलेल्या ‘कार्या’ची आज शिकवली जाणारी कल्पनाही त्यांच्याच लेखनातून रूढ झाली. असा माणूस बिलियर्डवर अख्खा ग्रंथ लिहितो, याचे मला विद्यार्थिदशेत नवल वाटे. आता वाटत नाही. ढकलणे, घसरणे, गडगडणे आणि टक्कर, असे यंत्रशास्त्राचे चारही मोठे विषय सपाट कापडावर एकत्र दाखवणारे दुसरे साधन शोधूनही सापडणार नाही.

कोरिऑलिस यांच्या मांडणीतला गाभा सोप्या भाषेत सांगतो. फटका बसल्यावर चेंडू लगेच गडगडत नाही. तो आधी कापडावर घसरतो. घसरताना कापडाचे घर्षण एकीकडे त्याचा वेग कमी करते आणि दुसरीकडे त्याचे फिरणे बदलत राहते. वेग आणि फिरणे यांचा मेळ बसला की घसरणे संपते आणि चेंडू शांतपणे गडगडू लागतो. बरोबर मध्यावर मारलेला चेंडू या टप्प्याला पोचेपर्यंत त्याचा वेग मूळ वेगाच्या ५/७ उरतो. कापड नवे असो वा जुने, हा अपूर्णांक तोच. कापडाचा फरक पडतो तो किती अंतरात हे घडते यावर. मध्याच्या वर, त्रिज्येच्या २/५ अंतरावर, म्हणजे आपल्या चेंडूत साडेदहा मिलिमीटर वर मारले तर चेंडू पहिल्या क्षणापासून गडगडत निघतो. क्यू उभा धरून मारलेल्या वाकड्या फटक्यात चेंडूची वाट आधी पॅराबोला असते आणि मग सरळ होते. ती अखेरची दिशा कोणती असेल, हे क्यूची रेघ कापडाला जिथे भिडते त्या बिंदूवरून आधीच काढता येते. हा शेवटचा निष्कर्ष मी वर्गात फळ्यावर सिद्ध करून दाखवत असे. मागच्या बाकावरची मुलेही त्या तासाला जागी असत.

आता ऑनलाइन खेळांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. समजा, पांढऱ्या चेंडूला खाली मारून उलटी फिरकी दिली. खेळाडू याला स्क्रू म्हणतात. चेंडू पुढे जातो आहे आणि फिरतो आहे उलटा. वाटेत कापड त्याची उलटी फिरकी खात राहते. समोरच्या लाल चेंडूपर्यंत ती शिल्लक राहिली तरच पांढरा मागे येईल. ती किती अंतर टिकेल? खडू देऊ शकतो तेवढी पुरेपूर फिरकी दिली आणि कापडाचा घर्षणगुणांक ०.२ धरला, तर सेकंदाला २ मीटर वेगाने सुटलेल्या चेंडूची उलटी फिरकी साधारण पाऊण मीटरवर संपते. वेग दुप्पट, म्हणजे सेकंदाला ४ मीटर केला, तर ती सुमारे ३ मीटर टिकते. वेग दुप्पट, अंतर चौपट. टेबलाची खेळायची लांबी ३ मीटर ५७ सेंटिमीटर आहे, हे लक्षात घेतले की टेबलाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाच्या चेंडूवर स्क्रू करताना चांगल्या चांगल्या खेळाडूंचे ओठ का आवळले जातात ते कळेल. तिथे जोर लावावाच लागतो. जोर लावला की नेम हलतो. नेम सांभाळायला हात आखडता घेतला की फिरकी वाटेतच मरते. स्नूकरमधली अर्धी अडचण, आणि अर्धा आनंद, या गाठीत आहे.

म्हणजे खऱ्या टेबलावर जोर आणि फिरकी या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. एकीची किंमत दुसरीत मोजावी लागते.

स्नूकर जन्मला तो आपल्याच मुलखाजवळ. १८७५मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने, काळ्या चेंडूचा एक जुगारी डाव खेळता खेळता, आणखी रंगीत चेंडू टेबलावर वाढवले. जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. एकाचा चेंडू हुकला तेव्हा चेंबरलेनने त्याला ‘स्नूकर’ म्हटले. वुलिचच्या लष्करी शाळेत पहिल्या वर्षाच्या कच्च्या पोरांना हा शब्द वापरत. खेळाचे नियम पुढे उटीच्या क्लबात नीट लिहिले गेले. मूळ बिलियर्ड तीन चेंडूंचा. स्नूकरमध्ये बावीस. चेंडू वाढले तशी एक गोष्ट बदलली. चेंडू पॉकेटात घालणे हे निम्मे काम झाले आणि घातल्यावर पांढरा पुढच्या चेंडूसाठी कुठे थांबतो, हे उरलेले निम्मे. पांढऱ्याला थांबवायचे कसे, तर जोर आणि फिरकी यांनीच.

आपल्याकडे ही विद्या क्लबांच्या आणि जिमखान्यांच्या भिंतीआड राहिली, तरी त्या भिंतींतून फार मोठी माणसे बाहेर पडली. विल्सन जोन्स यांचा जन्म १९२२ साली पुण्यात झाला. १९५८मध्ये कलकत्त्यात ते हौशी बिलियर्डचे जगज्जेते झाले, १९६४मध्ये न्यूझीलंडमध्ये पुन्हा झाले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचे नाव घेतात. मुंबईचे मायकेल फरेरा तीनदा हौशी जगज्जेते झाले. पंकज अडवाणी वाढले बंगळुरात, पण जन्मले पुण्यात, १९८५ साली.

या नावांच्या मागे मार्करांची एक बिननावाची पिढी आहे. मला जे काही येते ते आमच्या मार्करने शिकवले. पावसाळ्यात कापड दमट झाले की तो सकाळी त्याला इस्त्री करी आणि तरीही संध्याकाळी आम्हाला आधीच बजावे की आज चेंडू जड धावेल, कुशन मंद देईल. जुलैतला जोर आणि जानेवारीतला जोर वेगळा असतो, हे त्याच्या हाताला ठाऊक होते. व्यावसायिक स्पर्धांत टेबलाखाली तापक बसवून हा ओलावा घालवतात. आमच्याकडे इस्त्री आणि मार्करचा अंदाज होता.

संगणकावर स्नूकर आले ते १९८०च्या दशकात. पहिले खेळ वरून पाहिलेल्या हिरव्या चौकोनाचे होते. चेंडू म्हणजे ठिपके. जोराची एक पट्टी, दिशेचा एक बाण, फिरकीसाठी एक वर्तुळ. ही तीन चिन्हे तेव्हा बसली ती आजतागायत हललेली नाहीत.

खरी झेप १९९१ची. आर्चर मॅक्लीन या इंग्लिश प्रोग्रामरने खेळाडू जिमी व्हाइट यांच्या नावाने ‘व्हर्लविंड स्नूकर’ हा खेळ बनवला. त्यात टेबलाभोवती कुठूनही उभे राहून पाहता येई. अमिगा ५०० या ज्या यंत्रावर तो लोकांनी खेळला त्याचा प्रोसेसर सुमारे ७ मेगाहर्ट्झचा होता आणि दशांश अपूर्णांक हाताळण्याची वेगळी सोय त्यात नव्हती. पूर्णांकांची कसरत करून घसरणे, गडगडणे, टक्कर आणि फिरकी एवढे सगळे पटण्याजोगे दाखवायचे, हे काम किती कठीण ते प्रोग्रामिंग करणाऱ्यांनाच कळेल. खेळाडूने फार वेळ लावला की चेंडूंना तोंडे फुटत आणि ते वेडावून दाखवत. हा चावटपणा लोकांना अजून आठवतो. मला त्यातले अधिक आठवते ते पांढऱ्याचे टकरीनंतर जरा थबकून मग मागे येणे. थबकणे म्हणजे उलटी फिरकी कापडाला पकडते आहे तो क्षण. कोरिऑलिस यांचे समीकरण पडद्यावर दिसत होते.

मग १९९५मध्ये सेलेरिस या कंपनीचा ‘व्हर्च्युअल पूल’ आला. हा पूलचा खेळ, स्नूकरचा नव्हे. पण त्याने एक वेगळाच प्रश्न विचारला. जोर पट्टीवर का मोजायचा? त्यात माउस हाच क्यू. कळ दाबून धरायची आणि माउस मागे घेऊन पुढे ढकलायचा. हात जितका वेगाने पुढे जाईल तितका फटका. हात थरथरला तर फटका चुकला. मला वाटते, जोराच्या खरेपणात त्यानंतर यापेक्षा मोठी भर पडलेली नाही. कारण खऱ्या क्यूतही दुसरे काय असते? अर्धा किलोचा दांडा, १४० ग्रॅमच्या आसपासचा चेंडू, एका मिलिसेकंदाच्या आगेमागे टिकणारा स्पर्श. चेंडू क्यूच्या वेगाच्या सव्वा ते दीडपट वेगाने सुटतो आणि क्यूचा वेग हाताने आधीच ठरवलेला असतो.

मोबाइलने माउस काढून घेतला. काचेवर बोट ठेवून क्यू मागे ओढायचा आणि सोडून द्यायचा, ही पद्धत रूढ झाली. ही गलोलीची रीत आहे. बोट मागे नेताना पट्टी भरत जाते, हवी तिथे थांबता येते, विचार करता येतो, पुन्हा कमी करता येते. हात कधी चुकतच नाही. शिवाय पट्टी बहुधा वेगाच्या प्रमाणात भरते आणि चेंडू किती लांब जाईल हे वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून पट्टी निम्मी भरली तर चेंडू निम्मा नव्हे, पावच पल्ला गाठतो. नवखा खेळाडू इथे आठवडाभर चाचपडतो आणि खेळाला दोष देतो. तो दोष खरे तर फारसा नाही, टेबलावरही हेच घडते. तिथे ते हाताला कळते, इथे डोळ्याने मोजावे लागते.

चूक नावाची गोष्ट संगणकात मुद्दाम घालावी लागते, हे संशोधकांनी फार आधी ओळखले होते. २००५मध्ये तैपेई इथे भरलेल्या संगणकांच्या ऑलिंपियाडमध्ये पूल खेळणाऱ्या प्रोग्रामांची स्पर्धा पहिल्यांदा झाली. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचा ‘पिकपॉकेट’ जिंकला. २००८मध्ये बीजिंगला स्टॅनफर्डचा ‘क्यूकार्ड’ जिंकला. या स्पर्धेत फटका म्हणजे पाच आकडे. क्यूचे टोक चेंडूवर आडवे कुठे टेकते, उभे कुठे टेकते, क्यू किती उचललेला आहे, दिशा कोणती आणि वेग किती. प्रोग्रामने पाच आकडे दिले की संयोजकांची यंत्रणा त्या प्रत्येकात थोडी यादृच्छिक गडबड मिसळे आणि मगच चेंडू हलत. ही गडबड नसती, तर प्रोग्राम एकदा गणित करून सगळे टेबल रिकामे करत बसले असते. एक मीटरवरच्या चेंडूवर मारताना दिशेतली बारीकशी चूक समोरच्या चेंडूच्या दिशेत सुमारे अठरा पट होऊन उतरते. ती चूक सांभाळून योजना आखणे, सोपा पण सुरक्षित फटका निवडणे, हेच तिथे शहाणपण ठरले. माणसाचा हात म्हणजे हीच गडबड. संशोधकांनी ती मोजून घातली, बाजाराने ती काढून टाकली.

बाजाराचे सर्वांत ठळक उदाहरण मिनिक्लिप कंपनीचा ‘एट बॉल पूल’. २०१०मध्ये सुरू झालेला हा खेळ पुढे मोबाइलवर आला आणि गावोगाव पोचला. त्यात प्रत्येक क्यूला चार गुण असतात. जोर, नेम, फिरकी आणि वेळ. भारी क्यू घेतला की जोर वाढतो, फिरकी वाढते, नेमाची रेघ लांब होते, विचाराला वेळ अधिक मिळतो. स्नूकरच्या कित्येक मोबाइल खेळांनी हीच घडी उचलली. खऱ्या स्नूकरमध्ये क्यूबद्दलचा नियम साधा आहे. लांबी तीन फुटांहून कमी नको आणि आकार नेहमीचा हवा. लाखाचा क्यू घेतला तरी तेरा मिलिमीटरचे वर्तुळ चौदाचे होत नाही.

माझा नातू असाच एक खेळ खेळतो. एकदा माझ्याशी डाव मांडला आणि पाच मिनिटांत म्हणाला, ‘‘आजोबा, तुमच्या क्यूला स्पिनच नाहीये. आधी चांगला क्यू घ्या.’’

मी त्याचा क्यू मागून घेतला. पांढरा टेबलाच्या एका टोकाला, लाल दुसऱ्या टोकाला. फिरकीचा ठिपका चेंडूच्या अगदी तळाशी नेला. खऱ्या टेबलावर तिथे क्यू निसटलाच असता. जोर अगदी हलका ठेवला. चेंडू रमतगमत गेला, लालला हळूच लागला आणि तेवढ्याच आरामात अर्धे टेबल मागे आला. कापडाने वाटेत काहीच खाल्ले नव्हते. फिरकी खिशात घालून नेलेल्या सुट्या पैशांसारखी शेवटपर्यंत शाबूत होती.

‘‘हे असं होत नाही रे,’’ मी म्हटले.

‘‘होतं की. आत्ता झालं ना,’’ तो म्हणाला.

त्याचे चुकत नव्हते. त्याने खरे टेबल पाहिलेलेच नाही आणि त्याच्या वयाच्या बहुतेक मुलांनी पाहिलेले नाही. बारा फुटी टेबलाला लागते तेवढी खोली आता शहरात कोणाला परवडते? त्यांच्यापुरते स्नूकर हेच. मला काळजी वाटते ती इथे. नातू रोज खेळतो, हरतो, पुन्हा खेळतो, म्हणजे शिकायची तयारी त्याच्याकडे भरपूर आहे. पण त्याच्या खेळात जोर आणि फिरकी यांची गाठ सोडून दोन वेगळ्या दोऱ्या केल्या आहेत आणि दोन्हींवर किंमतीच्या चिठ्ठ्या लावल्या आहेत. लांबचा स्क्रू जमत नाही तेव्हा आम्ही मार्करकडे जात होतो. तो दुकानात जातो.

बनवणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ऑनलाइन खेळात दोन माणसे दोन वेगळ्या फोनवर एकच टेबल पाहत असतात. दोन प्रोसेसरांनी दशांशाच्या शेवटच्या घरात वेगळे उत्तर काढले, तर वर सांगितलेल्या अठरा पटींच्या हिशेबाने चार टकरींनंतर एकाच्या फोनवर चेंडू पॉकेटात आणि दुसऱ्याच्या फोनवर बाहेर. म्हणून गणित एकाच ठिकाणी करून दोघांना दाखवावे लागते किंवा ते अपूर्णांक टाळून मुद्दाम ठोकळेबाज ठेवावे लागते. शिवाय बसस्टॉपवर उभा असलेला माणूस तीन मिनिटांत डाव संपावा म्हणून खेळतो. त्याला पहिल्याच दिवशी खरी घसरण दिली तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. हे सगळे मला मान्य आहे. तरी हळू फटक्यात फिरकी लवकर संपवणे आणि ठिपका त्रिज्येच्या निम्म्यापलीकडे जाऊ न देणे, ही काही जड गणिते नाहीत. मॅक्लीनने ७ मेगाहर्ट्झवर यापेक्षा अवघड कामे केली. ही दोन बंधने घातली तर फिरकीचा भारी क्यू विकायला निमित्त उरत नाही, हे त्यामागचे कारण असावे असा माझा तर्क आहे.

गंभीर खेळाडूंसाठी बनवलेली सिम्युलेशन आता वेगळी पडू लागली आहेत. ‘शूटर्सपूल’सारख्या कार्यक्रमांत घसरण, कुशनवरची फिरकी, बाजूची फिरकी देताना चेंडूचे नेमापासून किंचित विरुद्ध बाजूला सरकणे, या गोष्टी मन लावून मांडल्या जातात. दोन चेंडूंच्या स्पर्शातले घर्षणही मोजावे लागते. त्याचा त्रास व्यावसायिकांना चांगलाच ठाऊक आहे. खडूचा कण दोन चेंडूंमध्ये नेमका सापडला की टक्कर बिघडते, चेंडू उडी मारतो. त्याला किक म्हणतात. फिरकी देणारी पूडच फटका बिघडवते. गेल्या दशकात फिनलंडच्या ताओम कंपनीचा चेंडूवर कमी डाग ठेवणारा खडू अनेक व्यावसायिकांनी स्वीकारला तो यासाठीच. कारची डबी अजून विकली जाते आहे म्हणायची, फक्त आता आत काय आहे ते वर लिहिलेले असते.

कापडाची लव मात्र क्वचितच कुठे सापडते. स्नूकरच्या कापडाला मांजराच्या पाठीसारखी एक दिशा असते, बॉककडून काळ्या चेंडूकडे. त्या दिशेने बाजूची फिरकी देऊन हळू मारले तर चेंडू फिरकीच्या बाजूला ओढला जातो. उलट दिशेने मारले तर विरुद्ध बाजूला. जिमखान्यात नव्या मुलाला हे कळायला वर्ष लागे. कळले की मार्कर त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारी.

‘पूलटूल’ नावाचा एक मुक्त स्रोताचा प्रोग्राम आहे. त्यात घसरणीचे, गडगडण्याचे, कुशनचे आकडे उघडे असतात आणि हवे तसे बदलता येतात. मी गडगडण्याचा घर्षणगुणांक थोडा थोडा वाढवत गेलो. एका आकड्यावर पांढरा काळ्याच्या अलीकडे वीतभर अंतरावर येऊन थांबला. पुण्यातल्या जुलैत तो तिथेच थांबायचा.